पाडलेली वस्ती आणि ऑगस्ट विल्सनची नाटके

काळ्यांच्या साहित्याविषयी मराठीत आजवर जे लिहिले गेले, त्यात 'विद्रोह' हा शब्द जितक्या वेळा आला तितक्या वेळा 'घर' हा शब्द आलेला नाही. हे स्वाभाविकही होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या काळात आपण काळ्या लेखकांकडे गेलो ते लढ्याची भाषा शोधत, आणि ती आपल्याला मिळाली. पण रिचर्ड राइटची 'नेटिव्ह सन' (१९४०) ही कादंबरी वाचताना बिगर थॉमसच्या हातून झालेला खून जसा आपल्या लक्षात राहिला, तसे त्याच्या घराचे भाडे लक्षात राहिले नाही. शिकागोच्या ज्या एका खोलीत बिगरचे सारे कुटुंब कोंबलेले आहे तिचे भाडे डाल्टन नावाच्या गोऱ्या गृहस्थाच्या कंपनीकडे जाते. हाच डाल्टन काळ्यांच्या संस्थांना देणग्या देतो आणि दानशूर म्हणून मिरवतो. राइटने हा हिशेब उघड मांडून ठेवला होता. आपण तो वाचला नाही.

हा हिशेब आयुष्यभर मांडत राहिलेला नाटककार म्हणजे ऑगस्ट विल्सन (१९४५-२००५). विसाव्या शतकातील प्रत्येक दशकावर एक, अशी दहा नाटके त्याने लिहिली. त्यातील 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' हे शिकागोत घडते. बाकीची नऊ पिट्सबर्ग शहरातील हिल डिस्ट्रिक्ट ह्या एकाच वस्तीची आहेत. 'फेन्सेस' आणि 'द पियानो लेसन' ह्या दोन नाटकांना १९८७ आणि १९९० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि आपल्याकडील इंग्रजीच्या अभ्यासक्रमांतूनही विल्सन येऊ लागला. पण तिथे तो बापलेकांच्या संघर्षाचा नाटककार म्हणून शिकवला जातो. माझ्या मते तो आधी एका पाडलेल्या वस्तीचा नाटककार आहे. ती वस्ती बाजूला ठेवली तर त्याची माणसे इतकी का बोलतात, आणि एवढ्यातेवढ्या देण्याघेण्यावरून जिवावर उदार का होतात, हे उमगणार नाही. ह्या लेखात मी प्रामुख्याने 'टू ट्रेन्स रनिंग' आणि 'रेडिओ गोल्फ' ह्या दोन नाटकांचा विचार करणार आहे.

•

प्रथम वस्तीची हकीकत. हिल डिस्ट्रिक्ट हे पिट्सबर्गच्या मुख्य व्यापारी भागाला लागून असलेले टेकाड. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेतील कापसाची शेते आणि तिथला छळ सोडून हजारो काळी माणसे उत्तरेकडील पोलाद कारखान्यांच्या शहरांत आली. पिट्सबर्गमध्ये त्यांना जागा मिळाली ती मुख्यतः ह्या टेकाडावर. ज्यू, इटालियन, सीरियन अशी इतर गरीब माणसेही तिथे होती. वायली ॲव्हेन्यू हा तिथला मुख्य रस्ता. 'पिट्सबर्ग कूरियर' हे काळ्यांचे देशभर खपणारे वृत्तपत्र ह्याच शहरातले. बेसबॉलच्या गोऱ्या संघांत काळ्यांना मज्जाव होता, त्या काळात 'पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स' हा नावाजलेला संघ हिलमधून उभा राहिला. चार्ल्स 'टीनी' हॅरिस ह्या छायाचित्रकाराने टिपलेल्या ह्या जीवनाच्या सुमारे ८०,००० निगेटिव्ह आज तिथल्या कार्नेगी कलासंग्रहालयात जपलेल्या आहेत. मोडकळीला आलेली घरे, नळाची आणि संडासाची वानवा, अवाच्या सवा भाडी हेही सगळे तिथे होते. पण ती घरे मोडकळीला का आली? १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले आणि काळ्यांच्या वस्त्या धोक्याच्या म्हणून लाल रंगाने दाखवल्या. लाल भागात कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही. डागडुजी नाही म्हणून घर पडके. आणि घर पडके म्हणून ते पाडायचे. एका हाताने घर कुजवायचे आणि दुसऱ्या हाताने ते कुजल्याचा दाखला द्यायचा, अशी ही पद्धत होती.

१९४३ साली पिट्सबर्गच्या नगर परिषदेचे एक सदस्य जॉर्ज इव्हान्स ह्यांनी लिहून ठेवले, की ह्या भागातील सुमारे ९० टक्के इमारती निकामी झाल्या आहेत आणि त्या सगळ्या नष्ट केल्या तरी समाजाचे काही नुकसान होणार नाही. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने अशा पाडकामाच्या निव्वळ खर्चाचा दोनतृतीयांश भार केंद्र सरकारने उचलला. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने 'बर्मन विरुद्ध पार्कर' खटल्यात सक्तीच्या भूसंपादनाची वाट आणखी रुंद केली. १९५६ साली लोअर हिलवर घण पडू लागले. सुमारे ९५ एकर जमीन, १,३०० इमारती, ४०० हून अधिक दुकाने आणि व्यवसाय, ८,००० माणसे. बेथेल ह्या काळ्यांच्या चर्चची इमारतही १९५७ साली जमीनदोस्त झाली. माणसे वरच्या हिलवर, होमवुडमध्ये, ईस्ट लिबर्टीत, सरकारी गाळ्यांत पांगली. मोकळ्या झालेल्या जागेवर १९६१ साली उघडझाप होणाऱ्या पोलादी घुमटाचे 'सिव्हिक अरीना' उभे राहिले. ते मूळ संगीत नाटकांसाठी होते, पुढे तिथे बर्फावरील हॉकी चालली. २०१० साली ते बंद झाले आणि दोन वर्षांत तेही पाडले गेले. ज्याच्यासाठी ८,००० माणसे उठवली, ती वास्तू अर्धे शतकभरच टिकली. तिच्या सभोवती आणि तिच्यामागे बराच काळ उरले ते मोटारी उभ्या करायचे मैदान.

ह्या सगळ्याला सरकारी नाव होते 'नागरी पुनरुज्जीवन'. ह्या पुनरुज्जीवनाचा खरा अर्थ काळ्यांना हटवणे हा आहे, असे जेम्स बाल्डविन १९६३ साली एका मुलाखतीत म्हणाला होता. त्यात काहीच अतिशयोक्ती नव्हती.

•

'टू ट्रेन्स रनिंग' हे नाटक १९६९ सालात घडते. मेम्फिस ली ह्याचे हिलमधील छोटे खाणावळवजा हॉटेल पाडायचे ठरले आहे. नगरपालिका भाव सांगते, मेम्फिसला तो मान्य नाही. त्याची मागणी २५,००० डॉलरची आहे आणि तो एक डॉलरही खाली यायला तयार नाही. वरवर पाहता ही एका दुकानदाराची घासाघीस. पण मेम्फिसच्या मागे मिसिसिपीतील एक जमीन आहे. ती त्याने एका गोऱ्याकडून रीतसर विकत घेतली होती. दस्तात एक कलम असे होते, की जमिनीला पाणी लागले तर व्यवहार रद्द. मेम्फिसने खोदले आणि पाणी लागले. जमीन गेली, त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे खेचर मारले गेले, आणि तो उत्तरेकडे आला. आपल्या वाचकांना हे कलम समजावून सांगावे लागणार नाही. जमीन खडकाळ असेपर्यंत आपली आणि पाझर फुटला की दुसऱ्याची, हा न्याय आपल्या गावांनाही अनोळखी नाही.

म्हणून नगरपालिकेशी भावाची हुज्जत घालताना मेम्फिस त्याच जुन्या दस्ताशी भांडत असतो. पहिल्या खेपेला कागद त्यांनी लिहिला होता. ह्या खेपेला आकडा मी सांगणार, एवढाच त्याचा हट्ट. शेवटी त्याला ३५,००० मिळतात. तो जिंकतो. पण हॉटेल जाते आणि त्या हॉटेलात रोज बसणारी माणसे कुठे बसतील, ह्याला कोणत्याच रकमेत उत्तर नाही. विल्सन हा प्रश्न कोणाच्या तोंडी घालत नाही. तो तसाच रंगमंचावर ठेवून देतो.

त्याच नाटकात हॅम्बोन नावाचा एक खुळावलेला माणूस आहे. साडेनऊ वर्षांपूर्वी त्याने समोरच्या लुट्झ नावाच्या गोऱ्या खाटकाचे कुंपण रंगवून दिले. मजुरी म्हणून त्याला डुकराची अख्खी मांडी हवी होती. लुट्झ म्हणाला, काम बरे झाले तर मांडी, नाहीतर कोंबडी. आणि काम झाल्यावर त्याने कोंबडी पुढे केली. हॅम्बोनने ती घेतली नाही. तेव्हापासून तो रोज सकाळी दुकानापुढे उभा राहून आपली मांडी मागतो. त्याच्या तोंडी दुसरी भाषाच उरलेली नाही. माझ्या वर्गात हे नाटक शिकवताना मुले आधी हसली. मग मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, कोंबडी घेऊन टाकली असती तर काय बिघडले असते?" मी उत्तर देण्याआधीच दुसऱ्याने दिले: "मग काम बरे झाले नव्हते हे कबूल केल्यासारखे झाले असते." समीक्षेच्या पुस्तकांत मला इतके नेमके वाक्य सापडले नाही. मजुरी किती द्यायची हे देणाराच ठरवणार आणि काम कसे झाले हेही तोच ठरवणार, ह्या व्यवस्थेला हॅम्बोनचा नकार आहे. आपली बलुतेदारी ह्याच व्यवस्थेवर उभी होती. फरक एवढाच, की आपल्या बापजाद्यांना कोंबडीऐवजी शिळे तुकडे मिळत, आणि ते नाकारायची सोय नव्हती. ती सोय १९२७ च्या महाड आणि त्यानंतरच्या चळवळीने मिळवून दिली.

हॅम्बोन मरतो. तुरुंगातून नुकताच सुटलेला स्टर्लिंग लुट्झच्या दुकानाची काच फोडतो, रक्ताळलेल्या हातांनी ती मांडी घेऊन येतो आणि हॅम्बोनच्या शवपेटीत ठेवायला सांगतो. मेम्फिसची नुकसानभरपाई आणि हॅम्बोनची मजुरी एकाच नाटकात शेजारी शेजारी ठेवण्यात विल्सनचे सारे म्हणणे आले आहे. वस्ती पाडणे हा त्याला सुटा अन्याय वाटत नाही. बुडवलेल्या मजुरीच्या आणि हिरावलेल्या जमिनीच्या मालिकेतली ती पुढची कडी आहे.

•

'जिटनी' (घडते १९७७ साली) हे नाटकही पाडकामाच्या छायेतले आहे. गोऱ्यांच्या टॅक्सी हिलमध्ये येत नसत, म्हणून तिथल्या माणसांनी विनापरवाना टॅक्सी चालवल्या. त्या टॅक्सींचा अड्डा आता सरकार बंद करणार आहे. विल्सनची ही रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. घण पडतानाचे दृश्य तो रंगवत नाही. घण पडण्याआधीचे किंवा पडून गेल्यानंतरचे दिवस तो रंगवतो, जेव्हा माणसांना ठरवावे लागते की आता काय मागायचे आणि कोणाकडे.

'रेडिओ गोल्फ' (घडते १९९७ साली) हे त्याचे शेवटचे नाटक २००५ मध्ये रंगमंचावर आले आणि त्याच वर्षी तो गेला. आपल्यासारख्या वाचकांना सर्वांत जास्त टोचणारे नाटक मी ह्यालाच म्हणेन. कारण इथे वस्ती पाडणारा काळा आहे, आणि तो शिकलेला आहे. हार्मंड विल्क्स हा श्रीमंत घरातला, मोठ्या विद्यापीठातून शिकून आलेला, पिट्सबर्गचा पहिला काळा महापौर होऊ पाहणारा बांधकाम व्यावसायिक. त्याचा मित्र आणि भागीदार रूझवेल्ट हिक्स. दोघांना हिलमध्ये उंच इमारती उठवायच्या आहेत, खाली कॉफीचे आणि पुस्तकांचे साखळी दुकान आणायचे आहे. सरकारी पैसा मिळण्यासाठी ह्या भागावर 'ब्लाइट'चा शिक्का बसला पाहिजे. तो शिक्का बसल्याची बातमी येते तेव्हा हे दोघे जल्लोष करतात.

ब्लाइट हा मूळ शेतातला शब्द. पिकावर पडतो तो करपा. करप्याचे पीक उपटून जाळायचे असते, त्यावर दया दाखवायची नसते. माणसांच्या वस्तीला हा शब्द लावला की पुढचे सगळे आपोआप होते. मानसोपचारतज्ज्ञ मिंडी फुलिलव्ह हिने हिल डिस्ट्रिक्टसह अशा उठवलेल्या वस्त्यांचा अभ्यास करून २००४ साली 'रूट शॉक' हे पुस्तक लिहिले. तिनेही शब्द शेतातूनच घेतला, पण उलट बाजूने. मुळासकट उपटलेले रोप जसा धक्का खाते, तसा धक्का उठवलेल्या माणसांना बसतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो, असे तिचे प्रतिपादन आहे. सरकारला पिकावर करपा दिसतो, तिला रोपाची मुळे दिसतात. भांडण कोणत्या शब्दाने पाहायचे ह्याचे आहे.

हार्मंडच्या योजनेत आडवे येते ते १८३९ वायली ॲव्हेन्यू हे पडके घर. ते आंट एस्टरचे. आंट एस्टर ही तीनशेहून अधिक वर्षे जगलेली स्त्री विल्सनच्या अनेक नाटकांत येते. गुलामांचे पहिले जहाज आले तेवढे तिचे वय. जो बार्लो नावाचा म्हातारा ते घर आपले म्हणून रंगवू लागतो. कागदपत्रे पाहताना हार्मंडच्या ध्यानात येते, की ते घर आपल्या कंपनीने नियम डावलून घेतलेले आहे. पुढे हेही कळते, की तो म्हातारा आपला रक्ताचा नातेवाईक आहे. हार्मंड घर वाचवायचे ठरवतो. रूझवेल्ट एका गोऱ्या धनिकाच्या पैशाने त्यालाच धंद्यातून बाहेर काढतो. हाच रूझवेल्ट अल्पसंख्याकांना मिळणाऱ्या करसवलतीसाठी त्याच धनिकाचे बुजगावणे झालेला आहे. शेवटी हार्मंड रंगाचा ब्रश उचलून त्या घराकडे निघतो.

मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. हे इथे सांगतो ते केवळ एवढ्यासाठी, की रूझवेल्ट हिक्स मला परका वाटत नाही. शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवल्याची जी खंत बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात बोलून दाखवली, तिचे नाट्यरूप पाहायचे असेल तर ते इथे आहे. राखीव सवलतीच्या कागदावर आपले नाव आणि नफ्यावर दुसऱ्याचे, हा धंदा आपल्याकडेही चालतो. कोणाच्या नावाने चालतो हे वाचकांनीच आपापल्या तालुक्यात पाहावे.

•

इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. कोंडवाडा जबरदस्तीने उभा केलेला असेल, तर तो पाडल्याचे दुःख कशाला? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवीकरणावर प्रहार केला. गाव सोडा, शहर गाठा, हे त्यांनी आपल्याला शिकवले. महारवाडा मोडला म्हणून दलित साहित्यिकाने गळा काढला तर तो आत्मघात ठरेल. मग हिल डिस्ट्रिक्टसाठी आपण का हळहळावे?

माझे उत्तर असे. महारवाडा आणि हिल ह्यांची तुलना ओढूनताणून करू नये. महारवाडा गावाने ठरवलेली जागा होती. गावाची कामे हेच तिथे राहण्याचे कारण. हिल ही छळातून निघून आलेल्या माणसांनी गाठलेले शहर होती. आपल्याकडे तिच्याशी नाते सांगेल ते दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मधल्या कावाखान्याचे, नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'चे (१९७२), वरळीच्या बी.डी.डी. चाळींचे. ह्याच चाळींत १९७४ साली पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली होती. आज त्या चाळी पाडून तिथे मनोरे उठत आहेत. मात्र तिथे जुन्या रहिवाशांना त्याच जागी मालकीचे घर देण्याची योजना आहे, लोअर हिलमध्ये ती नव्हती, हेही सांगितले पाहिजे. गाव सोडणे हा आपला निर्णय होता. हिल सोडणे हा तिथल्या माणसांचा निर्णय नव्हता. निघण्याचा हक्क आणि राहण्याचा हक्क हे एकाच स्वातंत्र्याचे दोन हात आहेत, आणि विल्सनची माणसे दुसऱ्या हातासाठी भांडतात. हे भांडण आणि खेड्याचे गोडवे गाणे ह्यांत गफलत करू नये.

विल्सननेही हिलचे गोडवे गायलेले नाहीत. तो बेडफर्ड ॲव्हेन्यूवर १७२७ क्रमांकाच्या घरात, गरम पाणी नसलेल्या दोन खोल्यांत वाढला. आई धुणीभांडी, साफसफाई करी. निबंध स्वतःचा नाही असा आळ शिक्षकाने घेतला म्हणून पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि सार्वजनिक ग्रंथालयात स्वतःचे शिक्षण केले. १९७८ साली तो शहर सोडून गेला, आणि दूर गेल्यावर त्याला हिलच्या माणसांची बोली लिहिता येऊ लागली. त्याच्या नाटकांत दारू आहे, खून आहेत, आपल्याच माणसांच्या मयतांवर श्रीमंत झालेला वेस्ट नावाचा अंत्यविधीवाला आहे. वस्तीवर प्रेम करायला ती निर्दोष असावी लागत नाही, हे त्याला ठाऊक होते.

•

तरीही त्याच्या मर्यादा दाखवल्या पाहिजेत. न दाखवणे म्हणजे त्याला देव्हाऱ्यात बसवणे होईल. विल्सनच्या नाटकांत लढतो तो एकटा माणूस. मेम्फिस एकटा भाव मिळवतो, स्टर्लिंग एकटा काच फोडतो. 'टू ट्रेन्स रनिंग' मध्ये बाहेर माल्कम एक्सच्या नावाने सभा भरते आणि मेम्फिस तिची टर उडवतो. प्रत्यक्षात मात्र १९६० च्या दशकात हिलच्या माणसांनी समित्या केल्या, क्रॉफर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ह्यापुढे पाडकाम चालणार नाही असा भला मोठा फलक उभा केला आणि वरची हिल वाचवली. हा संघटित विजय रंगमंचावर आलेला नाही. आपल्या चळवळीत वाढलेल्या वाचकाला ही उणीव जाणवल्याखेरीज राहणार नाही. दुसरे असे, की घर हा ज्या नाटकांचा विषय, त्यांत घर चालवणाऱ्या बायका बहुधा कडेला उभ्या आहेत. 'टू ट्रेन्स रनिंग' मधली रिसा सगळ्यांना वाढते, पण तिच्या मनातले बोलायला तिला मेम्फिसच्या निम्मीही जागा मिळत नाही. आंट एस्टर तर ह्या नाटकात पडद्याआडच राहते. दुःख वाहायला स्त्री आणि हिशेब मांडायला पुरुष, ही वाटणी आपल्या आत्मकथनांनीही केली होती. बेबीताई कांबळे, ऊर्मिला पवार ह्यांनी ती मोडली.

२०२३ साली हॉकी संघाने बेथेल चर्चला त्या जागेतील दीड एकर जमीन परत देण्याचे मान्य केले. १९५७ साली पाडलेल्या चर्चला ६६ वर्षांनी. ही दानत आहे की देणे, ह्यावर तिकडे वाद होईल. हॅम्बोनला हा वाद कळला नसता. काम केले होते, मजुरी बाकी होती, एवढेच त्याला ठाऊक होते. सगळे नष्ट केले तरी समाजाचे नुकसान होणार नाही, असे १९४३ साली लिहिणाऱ्याने नुकसान मोजताना समाजात कोणाला धरले होते, हा प्रश्न विल्सनने दहा नाटकांत विचारला. आपल्या शहरांत आज पुनर्विकासाचे फलक लागत आहेत. त्या प्रत्येक फलकाखाली हा प्रश्न विचारणारे लेखन दलित साहित्याला करावे लागेल. पँथरचे नाव आपण त्यांच्याकडून घेतले. हा हिशेब मांडण्याची रीतही घ्यायला हरकत नाही.